एमएस ऑप्थॅल्मॉलॉजीची जागा घ्यावी का? तालुक्याच्या गावी राहून मोठ्यांसोबत लहान मुलांचेही डोळे पाहायचे आहेत

पैनगंगा_काठ

नमस्कार मंडळी.

मी आर्णी तालुक्यातली. यवतमाळच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, सध्या सरकारी सेवेच्या बाँडवर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. नीट पीजीच्या रँकवर एमएस ऑप्थॅल्मॉलॉजी, म्हणजे डोळ्यांच्या शाखेची जागा मिळेल असं दिसतंय. घरी कापसाची शेती, आधी घरात कोणी डॉक्टर नाही. बाबा म्हणतात गायनॅक घे, तालुक्याला बाई डॉक्टरचा दवाखाना चालतोच. डोळ्याच्या डॉक्टरकडे माणूस म्हातारपणी एकदा जातो. मैत्रिणी म्हणतात रेडिओलॉजीसाठी आणखी एक वर्ष थांब.

डोळे माझ्या मनात कशानं बसले ते सांगते. आमच्या हद्दीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी चौथीतला एक मुलगा आणला. तक्रार काय, तर डोकं दुखतं. एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली. उजवा झाकला तसा पोरगा हसला आणि म्हणाला, "या डोळ्यानं मले पयलेपासूनच नाही दिसत." मायबापाला माहीत नाही, अंगणवाडीत माहीत नाही, शाळेत माहीत नाही. पुढे पाठवलं तर चिठ्ठी आली: डाव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर, डोळा आळशी झालेला (मेंदूनं त्या डोळ्यानं बघणं सोडलेलं), उपचाराचं वय निघून गेलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. तीन वर्षांचा असताना कोणी पाहिलं असतं तर?

मला विचारायचं आहे ते असं. नेत्रशल्यचिकित्सक म्हणून विदर्भाच्या आतल्या भागात खरंच काम करता येतं का, की शेवटी नागपूर गाठावंच लागतं? आणि मोठ्यांचे मोतीबिंदू करता करता लहान मुलांचं काम तालुक्याला जमतं का? ज्यांनी केलं आहे त्यांनी लिहावं ही विनंती.

झाडीपट्टी_नेत्र

ताई, वयानं बराच मोठा आहे म्हणून 'तू' म्हणतो.

आधी त्या चौथीतल्या पोराचं. वय निघून गेलं, एवढ्यावर त्याला सोडू नकोस. सात-आठ वर्षांनंतर आळशी डोळा सुधारत नाही असंच आम्हालाही शिकवलं होतं. पण अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटानं ७ ते १७ वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला आणि तो २००५ मध्ये छापून आला. ७ ते १२ वयात नुसत्या चष्म्यानं साधारण पाव मुलांची नजर सुधारली. चष्म्याबरोबर चांगल्या डोळ्याला पट्टी आणि त्याच डोळ्यात नजर धूसर करणारं अ‍ॅट्रोपिन दिलं त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांची सुधारली. सुधारली म्हणजे तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचता आल्या. डोळा पूर्ण बरा झाला असं नाही. तरी ज्याच्याकडे एकच डोळा आहे त्याच्यासाठी दुसऱ्या डोळ्याच्या दोन ओळी फार मोलाच्या असतात. त्याला योग्य नंबरचा चष्मा लागू दे, चांगला डोळा रोज किमान दोन तास झाकायला सांग, आणि त्या चांगल्या डोळ्याला जन्मभर जपायला सांग. चष्म्याला पॉलिकार्बोनेटची भिंगं, विटीदांडू आणि बांबूचे धनुष्यबाण बंद.

आता जागेचं. घे.

माझं एमबीबीएस नागपूरचं, एमएस सेवाग्रामचं, नव्वदच्या दशकातलं. मग मदुराईला बालनेत्ररोगाची फेलोशिप केली आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या झाडीपट्टीत एका तालुक्याच्या गावी येऊन बसलो. अजून तिथंच आहे.

मी शिकायला लागलो तेव्हा खेड्यातल्या मोतीबिंदूच्या म्हाताऱ्याला ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा मिळायचा. बैलानं मान हलवली, चष्मा पडला, फुटला, की माणूस पुन्हा आंधळा. शिबिरं शाळेच्या वर्गात व्हायची, बाकं जोडून टेबल करायचे. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प महाराष्ट्रासह सात राज्यांत चालला. त्या वर्षांत शाळेतली ऑपरेशनं मागे पडली, रुग्णाला दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात आणून डोळ्याच्या आत भिंग बसवणं रुळलं. हा बदल मी हातानं केलेला आहे, म्हणून सांगतो: या शाखेत माणसाचं आयुष्य इतक्या लवकर आणि इतकं उघड बदलतं की गावात विश्वास बसायला फार वर्षं लागत नाहीत. एका आजीची पट्टी सोडली, तिनं सुनेला नाव घेऊन हाक मारली, की पुढच्या आठवड्यात त्या गावची जीपभर माणसं दारात.

तालुक्याचा दवाखाना उभा राहतो तो मोठ्या माणसांच्या मोतीबिंदूवर. बाबांना सांग, म्हातारपणी एकदा नाही, दोन डोळे म्हणजे दोनदा. शिवाय काचबिंदू आहे, मधुमेहानं खराब होणारा पडदा आहे, चष्मे आहेत, लासरू (अश्रूंची वाट तुंबणं) आहे. २०१५ ते १९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६ टक्क्यांच्या वर निघाला. म्हणजे काम संपलेलं नाही. आपल्याकडे येणारा मोतीबिंदू बहुतेक पिकून तपकिरी, दगडासारखा झालेला असतो. म्हणून फेकोच्या (यंत्रानं मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याच्या) मागे लागण्याआधी एसआयसीएस (छोट्या छेदातून हातानं मोतीबिंदू काढणं) हातात मुरू दे. सहा-सात मिलिमीटरचा बोगदा, टाका नाही, महागडं यंत्र नाही, वीज गेली तर मायक्रोस्कोपपुरता इन्व्हर्टर पुरतो. फेको पुढे शिकता येतं.

पण लेकरांचं गणित अगदी वेगळं आहे. मोठ्याचा मोतीबिंदू थांबतो. धान निघू द्या म्हणाला तर दोन महिने थांबवता येतं, कारण त्याच्या मेंदूनं साठ वर्षं पाहिलेलं असतं. भिंग बदललं की दिसतं. बाळाचा मेंदू बघायला शिकत असतो. जन्मतः एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत, दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवड्यांपर्यंत ऑपरेशन व्हायला हवं. नंतर केलं तर डोळा स्वच्छ होतो पण नजर येत नाही. ऑपरेशनही वेगळं. मोठ्यांत भिंगामागचा पातळ पापुद्रा आपण जपतो. बाळात तो तसाच ठेवला तर हमखास पांढरा पडतो, म्हणून त्यालाही भोक पाडून पुढचा व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा भाग) कापावा लागतो. जखमेला टाका लागतो. पूर्ण भूल लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा आत भिंग बसवत नाहीत, कारण एका डोळ्याच्या मोतीबिंदूवर झालेल्या मोठ्या चाचणीत भिंग बसवलेल्या बाळांची नजर काही जास्त चांगली निघाली नाही आणि पुन्हा ऑपरेशनं मात्र जास्त लागली. मग जाड प्लसचा चष्मा, दर काही महिन्यांनी नवा नंबर, एकाच डोळ्याचं असेल तर पट्टी, आणि पुढे कधीही काचबिंदू होऊ शकतो म्हणून दाब तपासत राहणं. ऑपरेशन तासाभराचं आणि मागची देखभाल पंधरा वर्षांची.

म्हणून माझं ठाम मत लिहितो, कोणाला पटो न पटो. तान्ह्या बाळाचं ऑपरेशन तालुक्याला करू नये. त्याच्या आधीचं सगळं आणि नंतरचं सगळं मात्र तालुक्यालाच व्हायला हवं. नागपूर-सेवाग्रामला चांगला सर्जन असून उपयोग काय, जर मूल तिथं सहाव्या महिन्यात पोचणार असेल आणि पहिल्या चष्म्यानंतर पुन्हा फिरकणारच नसेल? बालनेत्ररोग शिकलेला माणूस गावात हवा तो या दोन टोकांसाठी.

तान्ह्याचं ऑपरेशन इथे का नको, तर लहान मुलांची भूल रोज देणारा भूलतज्ज्ञ, बाळाला ठेवायची सोय आणि आपल्या भागात विशेष म्हणजे सिकलसेल, रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यात हा आजार घरोघरी भेटतो. भूल देण्याआधी प्रत्येक लेकराची सिकलची रक्ततपासणी (मोठ्या लेकराची सोल्युबिलिटी आणि गरज पडली तर इलेक्ट्रोफोरेसिस, सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी फसवते म्हणून सरळ इलेक्ट्रोफोरेसिस) झाल्याशिवाय मी चिठ्ठी पुढे पाठवत नाही. सिकल असेल तर बाळ थंड पडता कामा नये, पाणी कमी पडता कामा नये, प्राणवायू कमी पडता कामा नये. आणि हे फक्त भुलेपुरतं नाही. विटी लागून डोळ्यात रक्त साचलेला मुलगा आला तर पाठ्यपुस्तक म्हणेल दाबासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड दे. तो सिकलचा, अगदी नुसता वाहक असला तरी त्या औषधानं साचलेल्या रक्तातल्या पेशी आणखी वाकड्या होऊन वाट बुजवतात. आपण ते टाळतो आणि रक्त धुऊन काढायचा निर्णय लवकर घेतो. ही गोष्ट मुंबईच्या सर्जनला वर्षात एखाद वेळी आठवावी लागत असेल, आपल्याला प्रत्येक वेळी.

धानाचंही लिहितो, कारण आर्णीकडच्या कापसात हे तुला कमी दिसलं असेल. कापणी-मळणीत कुसळ डोळ्यात जातं. माणूस मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब घेतो, त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी मोकाट वाढते. आठवड्यानं बुबुळावर पांढरा, कोरडा, पिसासारख्या कडांचा डाग घेऊन येतो. खरवडून काचेवर घे, केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाक, मायक्रोस्कोपखाली तंतू दिसतात. लाखोंचं यंत्र लागत नाही. बुरशीवरचं नॅटामायसिन दर तासाला, आठवडेच्या आठवडे. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाच्या सहभागानं झालेली आणि २०१३ मध्ये छापून आलेली चाचणी आहे: महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा हे जुनं औषधच सरस ठरलं. दिवाळीनंतर माझ्या ओपीडीत अशा रोग्यांची रांग असते आणि वेळेत आलेल्यांचे डोळे वाचतात. तालुक्याला डोळ्याचा डॉक्टर हवा याला यापेक्षा मोठं कारण मला माहीत नाही.

अडचणींतली सर्वांत अवघड एकच सांगतो. जानेवारी लागला की आमच्याकडची कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, लेकरं सोबत. मे महिन्यात तेंदूपत्ता. पट्टी सुरू केलेलं मूल तीन महिने दिसत नाही आणि परत येतं तेव्हा कमावलेल्या ओळी गेलेल्या असतात. त्यावर आम्ही असं करतो की डिसेंबरातच मायबापाला बोलावून पट्ट्यांचा साठा, जास्तीचा चष्मा आणि तेलुगूत लिहिलेली चिठ्ठी देतो. आजी गावात राहणार असेल तर लेकराला तिच्याजवळ ठेवायला विनवतो. काही ठेवतात.

रेफ्रॅक्शन_रूम

डॉक्टर साहेबांनी लिहिलंच आहे, मी खालच्या टोकाचं लिहितो. मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. डॉक्टर नाही, पण तालुक्यातल्या बहुतेक डोळ्यांवर पहिला उजेड माझ्याच टॉर्चचा पडतो.

मॅडम, तुमच्या त्या मुलासारखी मुलं दरवर्षी निघतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडे जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचं सगळंच तपासायचं असतं, हृदय, दात, कान, वाढ. एका दिवसात शंभरावर लेकरं. दोन्ही डोळे उघडे ठेवून पोरगं तक्ता वाचतं आणि पास होतं. एक डोळा झाकायचा तो तळहातानं, बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून पोट्टे बघतात. मी गुरुजींना हे एकच शिकवतो आणि तेवढ्यानं फरक पडतो.

दुसरं, चष्मा दिला म्हणजे काम झालं नाही. शाळेत मोफत चष्मे येतात, पण फ्रेम मोठ्या असतात, नाकावरून घसरतात. मी मागून नाडी बांधून देतो. मुलींचं त्याहून अवघड. सातवी-आठवीपासून घरचेच चष्मा काढून ठेवतात, उद्या लग्नाला अडेल म्हणून. एका आईला मी मुलीचा चष्मा घालायला दिला नाही, तर मुलीच्या नंबराइतकी उलट काच तिच्या डोळ्यासमोर धरली आणि म्हटलं, आता हा फळा वाचा. तिला काहीच वाचता आलं नाही. ती तिथंच रडली, आणि मुलगी आता चष्मा लावून बारावीला आहे. ही युक्ती तुम्ही जरूर करा.

जीवनसत्त्व अ चे डोस नववा महिना ते पाच वर्षं नीट दिले जातात की नाही तेही डोळ्याच्या डॉक्टरनं विचारायला हवं. रातांधळेपणा आता क्वचित दिसतो, पण आतल्या पाड्यांवर कुपोषित लेकराच्या डोळ्यात फेसाळ पांढरा ठिपका मी पाहिलेला आहे.

आणि एक मागणी. नवे सर्जन येतात, मायक्रोस्कोपमध्ये हुशार असतात, पण रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं उपकरण) हातात धरत नाहीत; नंबर काढायचं काम आमचं म्हणून सोडून देतात. तीन वर्षांचं मूल यंत्रासमोर बसत नाही. अ‍ॅट्रोपिनचं मलम लावून, आईच्या मांडीवर, मोबाइलवर गाणं लावून, रेटिनोस्कोपनंच नंबर निघतो. मुलांचं काम करायचं असेल तर हे तुम्हाला आमच्याहून चांगलं यायला हवं.

अकोला_ओपीडी

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. मी नेत्रतज्ज्ञ, काही वर्षं बुलडाणा जिल्ह्यात तालुक्याला होते, आता अकोल्यात आहे. काम भरपूर होतं, माणसं चांगली होती. सोडावं लागलं ते इतर कारणांनी. नवऱ्याची नोकरी, मुलाची शाळा, आणि सुट्टी घेतली तर माझ्या जागी बघायला कोणी नाही. ऑपरेशन केलेल्या डोळ्यात रात्री जंतुसंसर्ग झाला तर आत इंजेक्शन देऊन व्हिट्रेक्टॉमीला (डोळ्यातली जेली काढायच्या ऑपरेशनला) पाठवायचं कुठे, कोण घेईल, हे आधी ठरलेलं नसेल तर तालुक्याला एकट्यानं चाकू धरू नये. हे भीती घालायला नाही लिहीत. जाण्याआधी पडद्याचा एक सर्जन आणि एक भूलतज्ज्ञ यांच्याशी पक्कं बोलून ठेव.

आणि सुरुवातीला कर्ज काढून फेको मशीन घेऊ नकोस. स्लिट लॅम्प, मायक्रोस्कोप, ए-स्कॅन, केराटोमीटर, रेटिनोस्कोप. एवढ्यावर दोन वर्षं निघतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय बसतं का ते आधी बघ, कारण लहान मुलांची बरीचशी कुटुंबं खिशातून देऊ शकत नाहीत.

लेकराची_माय

नमस्कार मॅडम. मी डॉक्टर नाही, अंगणवाडीत मदतनीस आहे. कुरखेड्याकडची. माझ्या पोरीचं सांगते, तुम्हाला उपयोग होईल.

ती दीड महिन्याची असताना लसीकरणाला नेली. आशाताईनं उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, वहिनी हिच्या बाहुलीत पांढरं दिसते. सासूबाई म्हणाल्या फूल पडलं असेल, जाईल. एका दवाखान्यात नेली तर तिथं सांगितलं, अजून लहान आहे, पाच वर्षांची होऊ द्या मग ऑपरेशन करू. आम्ही घरी आलो. आशाताई ऐकून नाही राहिली. तिनं पथकाच्या डॉक्टरला फोन लावला, कागद केले आणि आठ दिवसांत आम्हाला नागपूरला लावून दिलं. तिनं ऐकलं असतं त्या दवाखान्याचं, तर आज माझी पोरगी आंधळी असती जी.

भुलेचीच फार भीती. एवढंसं लेकरू. चार तास दूध द्यायचं नाही म्हणाले, ती रडून रडून लाल. रक्त तपासलं तर सिकलची वाहक निघाली, तेव्हा आम्हाला समजलं की मी पण आहे. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिवशी केले. आणि मग चष्मा, एवढा जाड. गावात बाया बघायला यायच्या, कोणी म्हणे लेकराला काय करून ठेवलं. मी तिला चष्मा लावूनच बाजारात न्यायची, मुद्दाम.

नागपूरला एक खेप म्हणजे ब्रह्मपुरीहून उमरेडच्या रस्त्यानं एसटी, दोघांची मजुरी बुडते, रात्री कोणाकडे उतरायचं ते बघा. पहिली काही वर्षं तसंच केलं. मग नागपूरच्याच मॅडमनी सांगितलं की नंबर आणि डोळ्याचा दाब तुमच्या जवळच्या डॉक्टरकडे बघत जा, मला फोटो पाठवा, वर्षातून एकदा या. तेव्हापासून आमचं निभलं. नाहीतर आमच्यासोबत ज्या दोन बायांची लेकरं ऑपरेशनला होती, त्यातल्या एकीनं येणंच सोडलं.

एक डोळा कमी होता म्हणून पट्टी पण होती. ती ओरबाडून फेकायची. मग तिच्या बाबांनी स्वतःला पट्टी लावली, आम्ही दोघींनी बाहुलीला लावली, तेव्हा ऐकली. आता दुसरीत आहे, पहिल्या बाकावर बसते, वाचते. आता डोळ्यात भिंग बसवायचं की नाही ते या उन्हाळ्यात ठरवणार आहेत.

मॅडम तुम्ही डोळ्याचेच डॉक्टर व्हा. पण माय आली तर तिला पट्टी कशी लावायची ते हातात देऊन शिकवा. कागदावर लिहून दिलेलं आम्ही जपून ठेवतो, पण घरी गेल्यावर लेकरू रडते तेव्हा कागद काही कामाचा नसते.

पैनगंगा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या मुलीला उन्हाळ्यासाठी शुभेच्छा.

त्या मुलाच्या गुरुजींना आजच फोन केला. ते म्हणाले पट्टी शाळेतच लावू, पहिल्या दोन तासांना, म्हणजे घरी चुकणार नाही.

सर, दोनच गोष्टी विचारते. कॉलेज निवडताना काय बघू? आणि एमएसनंतर सरळ तालुक्याला बसू की आधी फेलोशिप करू? घरी आणखी दोन वर्षं म्हटलं की बाबा गप्प होतात.

झाडीपट्टी_नेत्र

गुरुजींची कल्पना उत्तम आहे. शाळेतली पट्टी घरच्या पट्टीपेक्षा जास्त टिकते असा माझाही अनुभव.

कॉलेजचं: इमारत आणि नाव बघू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना फोन करून विचार की तुम्ही स्वतःच्या हातानं, पहिल्या छेदापासून शेवटपर्यंत, किती एसआयसीएस केल्या. उत्तर द्यायला जे अडखळतील ते कॉलेज खाली टाक. दुसरा प्रश्न, नवजात अतिदक्षता कक्षात कमी वजनाच्या बाळांचे पडदे कोण तपासतं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत पाहिला गेलाच पाहिजे, अगदी नाजूक बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. जिल्ह्या-जिल्ह्यांत असे कक्ष झाल्यापासून ही बाळं जगू लागली आहेत आणि वाचलेलं बाळ आंधळं होणं हे आपल्या विभागाच्या हातातलं टाळण्यासारखं दुःख आहे. जिथं निवासी डॉक्टर स्वतः त्या कक्षात जातात तिथं शिक.

फेलोशिपचं: कर. बालनेत्ररोग आणि तिरळेपणा, साधारण सव्वा ते दोन वर्षं, आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं हे बाबांना सांग. मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, तिन्ही ठिकाणी उत्तम शिकवतात. मदुराईला गेलीस तर तिथल्या पैशाच्या व्यवस्थेकडेही बघ. डॉ. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. संधिवातानं बोटं वाकलेली, तरी त्या हातांनी त्यांनी हजारो मोतीबिंदू काढले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्यांची ऑपरेशनं, आणि दोघांना सर्जन तेच. माझा दवाखाना त्याच हिशेबानं चालतो. मोठ्यांचे फेको, चष्म्याचं काउंटर, त्यातून मुलांची ओपीडी. मुलांच्या कामातून घर चालेल अशी अपेक्षा तालुक्याला ठेवू नकोस, पण मुलांचं काम करतो म्हणून त्यांचे आजी-आजोबा आपल्याकडेच येतात, हेही तितकंच खरं.

आधी एकदा मेळघाटात जाऊन ये. उतावलीला 'महान' (MAHAN) नावाच्या संस्थेत डॉ. कविता सातव आदिवासी भागात राहून डोळ्यांची ऑपरेशनं करतात. आपल्याच विदर्भात, आपल्यासारख्याच रस्त्यांवर हे चाललेलं तू डोळ्यांनी पाहिलंस तर घरी समजावायला सोपं जाईल. बाबांनाही सोबत ने.

आमच्याकडे यायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत ये, धान निघाल्यावर. तेव्हा मोतीबिंदूही असतात, कुसळाचे डोळेही असतात आणि मिरचीला निघालेली लेकरंही. रोवणीत आलीस तर ओपीडी रिकामी दिसेल आणि तुला वाटेल इथे काम नाही. अकोल्याच्या मॅडमनी पडद्याच्या सर्जनबद्दल लिहिलं ते लक्षात ठेव. आमचे नागपूरचे कोण, भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, हे सगळं आल्यावर दाखवतो.